यादीबाहेरचा रस्ता

२६ एप्रिल १९९३. दुपारी एक वाजून काही मिनिटे झाली असताना इंडियन एअरलाइन्सचे आयसी-४९१ हे बोइंग ७३७ विमान औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे झेपावू लागले. दिल्लीहून निघून जयपूर आणि उदयपूर करत ते इथवर आले होते. आत ११८ माणसे होती. धावपट्टी जवळपास संपत आली तेव्हा विमानाची चाके जडपणे जमिनीवरून सुटली, आणि नेमक्या त्याच क्षणी धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून रुईच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाची डावीकडची मुख्य चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. रस्त्यापासून या टकरीची उंची होती जेमतेम सात फूट. मोडक्या अवस्थेत विमान ईशान्येला तीनेक किलोमीटर पुढे गेले, उच्च दाबाच्या विजेच्या तारांना धडकले आणि कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ वाचले.

चौकशीअंती अपघाताची दोन कारणे नोंदवली गेली. पहिले असे की, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि ते उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरे असे की, उड्डाणांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले. शहराच्या बोलण्यात आज तीस वर्षांनंतर ‘ट्रकला धडकलेले विमान’ एवढेच उरले आहे, आणि ज्यांना थोडे अधिक आठवते ते ‘पायलटची चूक होती’ असे म्हणून विषय संपवतात. दुसरे कारण विस्मरणात गेले. माझे म्हणणे असे की, चिकलठाण्याच्या अपघातातून शिकण्यासारखे जे आहे ते या दोन कारणांच्या एकत्र असण्यात आहे. विमानप्रवासातली एखादी बाब राहून जाते ती माणूस बेफिकीर असतो म्हणून क्वचितच. ती राहून जाते, कारण त्या क्षणी ती बाब विचारणारा, तिचे उत्तर देणारा आणि उत्तर न मिळाल्यास काम थांबवणारा कोणी नेमलेला नसतो, किंवा नेमलेला असूनही दुसऱ्या कामात ओढला गेलेला असतो. कॉकपिटमध्ये हे कसे घडते ते जगाने पुष्कळ अभ्यासले. कॉकपिटच्या बाहेर, धावपट्टीच्या कुंपणापलीकडे, तेच कसे घडते याकडे मात्र आपण अजून पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही.

आधी नाक उचलण्याविषयी, कारण अहवालातले ते शब्द वाचायला सोपे आणि करायला अवघड आहेत. धावपट्टीवर वेग घेत असताना दोन वैमानिकांपैकी एक विमान चालवतो आणि दुसरा वेगाच्या काट्यावर नजर ठेवून ठरलेल्या टप्प्यांना मोठ्याने पुकारा करतो. एका टप्प्यानंतर थांबणे धोक्याचे असते, पुढे जावेच लागते. त्यानंतरचा टप्पा ‘रोटेट’. हा शब्द ऐकला की चालवणारा वैमानिक नियंत्रण दांडा मागे ओढून दर सेकंदाला दोन-तीन अंशांच्या गतीने नाक वर आणतो. घाईने ओढले तर शेपटी धावपट्टीवर घासते, सावकाश ओढले तर विमान जमिनीलाच चिकटून धावत राहते. या वेळी वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे असतो, म्हणजे प्रत्येक सेकंदाला सत्तर मीटर धावपट्टी मागे पडते. दोन सेकंदांचा उशीर म्हणजे एकशे चाळीस मीटर गेले. त्या काळी चिकलठाण्याची धावपट्टी सुमारे सहा हजार फुटांची होती. विमानतळ समुद्रसपाटीपासून पाचशे ऐंशी मीटरच्या आसपास उंचीवर आहे. एप्रिल अखेरच्या मराठवाडी उन्हात तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोरही उतरतो आणि त्याच वजनाच्या विमानाला जास्त धावावे लागते. हिवाळ्यातल्या पहाटे खपून गेला असता असा उशीर उन्हाळ्यातल्या भर दुपारी खपत नाही. पहिल्या कारणाचे वजन हे असे आहे, आणि ते मला कमी लेखायचे नाही.

वैमानिकांची चेकलिस्ट जन्माला आली तीही एका अपघातातून. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगचे नवे चार इंजिनांचे बॉम्बर विमान चाचणीसाठी उडाले आणि लगेच कोसळले. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीचे पडदे हलू नयेत म्हणून ते अडकवून ठेवलेले असतात, ती अडक सोडायची राहिली होती. मेजर प्लॉयर हिल हे तेव्हाच्या उत्तम चाचणी वैमानिकांपैकी एक होते, या अपघातात त्यांचा जीव गेला. त्यानंतर जे ठरवले गेले ते विलक्षण साधे होते. उड्डाणाआधी, उड्डाणानंतर, उतरण्याआधी काय काय पाहायचे ते एका छोट्या कागदावर लिहायचे. विमान कसे चालवायचे हे तो कागद शिकवत नाही. ज्याला सगळे येते त्याच्याच हातात तो देतात. आजही बहुतेक विमानांत एकजण बाब वाचतो, दुसरा ती डोळ्यांनी आणि बोटाने पाहून उत्तर देतो. आपल्या रेल्वेत लोको पायलट आणि सहायक लोको पायलट समोर दिसलेला सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात त्यामागचे तत्त्व हेच आहे. पाहिलेले तोंडाने बोलले आणि दुसऱ्याने ऐकले की मगच ते पाहिले असे धरायचे.

मग तरीही बाबी निसटतात त्या कशा? १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटहून निघालेल्या नॉर्थवेस्टच्या विमानात पंखांना जास्त उचल देणारे फ्लॅप बाहेर काढायचे राहिले. जमिनीवरच्या दोघांसह १५६ माणसे गेली. विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. दोन्ही वैमानिक अनुभवी होते. पण ऐन वेळी धावपट्टी बदलली, नव्या धावपट्टीसाठीची गणिते पुन्हा पाहावी लागली, टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जाताना, एक वळण चुकले, हवामानाकडेही लक्ष होते. या सगळ्यात टॅक्सीची यादी वाचलीच गेली नाही. ती वाचण्याची ठरलेली वेळ आली तेव्हा डोके दुसरीकडे होते, आणि ती वेळ टळून गेल्यावर ‘अजून राहिले आहे’ असे सांगणारी एकही खूण समोर नव्हती. वर्षभराने, ३१ ऑगस्ट १९८८ रोजी, डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर डेल्टाच्या विमानात यादी वाचली गेली, तरी फ्लॅप राहिलेच. ‘फ्लॅप्स?’ असे विचारले गेले आणि ‘पंधरा, पंधरा, हिरवा दिवा’ असे ठरलेले उत्तर आले. प्रत्यक्षात फ्लॅप आतच होते. उत्तर देणाऱ्याने काट्याकडे पाहिले नव्हते, किंवा पाहिले ते जे रोज दिसते तेच. त्याआधी बराच वेळ कॉकपिटमध्ये विमानाशी संबंध नसलेल्या गप्पा चालल्या होत्या. चौदा जण दगावले.

या दोन अपघातांच्या मधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. एकात यादी राहिली, दुसऱ्यात यादी झाली पण पाहणे राहिले. नासासाठी काम करणाऱ्या आसाफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी १९९० मध्ये वैमानिकांच्या याद्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा यादी ही नुसती कागदाची गोष्ट नाही हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. ती कोणत्या वेळी वाचली जाते, मध्ये कोण बोलते, वेळापत्रकाचा ताण किती, कंपनीत तिच्याकडे कसे पाहिले जाते, यावर तिचे यश ठरते. पुढे नासाच्याच की डिसम्युक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉकपिटमध्ये बसून पाहणी केली. कामात खंड पडणे, कामे नेहमीच्या क्रमाने न होणे, अनपेक्षित नवे काम मध्येच येणे आणि अनेक कामे एकाच वेळी विणत राहावी लागणे, या चार परिस्थितींत कुशल माणसाकडूनही ठरवलेले काम राहून जाते, असे त्यांना आढळले. कौशल्य हाच इथे सापळा ठरतो. नवशिक्याला प्रत्येक पायरी आठवावी लागते. जाणत्याचे हात आधीची पायरी संपली की आपोआप पुढच्या पायरीकडे जातात. ती साखळी मध्ये तोडली तर हात पुन्हा जिथून सुरू करतात ती जागा तुटलेली नसते, त्यापुढची असते.

महाराष्ट्रातले उदाहरण शोधायला फार मागे जावे लागत नाही. २० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी जेट एअरवेजचे जयपूरला जाणारे ७३७ मुंबईहून उडाले. इंजिनातून दाबाखालची हवा केबिनकडे सोडणारे स्विच, ज्यांना ब्लीड म्हणतात, ते चालू झालेच नाहीत. विमान वर चढत राहिले, आतली हवा विरळ होत गेली, डोक्यावरचे ऑक्सिजनचे मुखवटे खाली पडले. १६६ प्रवाशांपैकी तीसेक जणांच्या नाकातून किंवा कानातून रक्त आले, अनेकांची डोकी ठणकू लागली. विमान मुंबईला परत आणले गेले, सगळे वाचले. या जातीच्या विमानाच्या उड्डाणानंतरच्या यादीत ब्लीड हीच पहिली बाब आहे. तेरा वर्षांआधी, १४ ऑगस्ट २००५ रोजी, सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात दाब नियंत्रणाची कळ देखभालीच्या तपासणीनंतर ‘मॅन्युअल’वर राहिली होती. उड्डाणाआधीच्या तयारीत, इंजिन सुरू करण्याआधीच्या यादीत आणि उड्डाणानंतरच्या यादीत, अशा तीन ठिकाणी ती सापडायला हवी होती आणि तिन्ही ठिकाणी निसटली. वैमानिक बेशुद्ध पडले, इंधन संपेपर्यंत विमान स्वयंचलित यंत्रणेवर फिरत राहिले आणि अथेन्सजवळच्या डोंगरात कोसळले. १२१ पैकी कोणीही वाचले नाही. मुंबईच्या विमानाचे दैव बलवत्तर होते असे म्हणून सोडून देता येणार नाही. राहून गेलेली बाब दोन्हीकडे एकाच कुळातली होती.

लक्ष विचलित होण्याविषयी आपल्याकडे ज्या बातम्या गाजतात त्या वेगळ्याच असतात. २०२३ च्या होळीला स्पाइसजेटच्या दिल्ली-गुवाहाटी विमानात वैमानिकांनी कॉफीचा कप आणि गुजिया नियंत्रणांच्या मधल्या पट्टीवर ठेवल्याचे छायाचित्र फिरले आणि दोघांना कामावरून बाजूला केले गेले. २०१४ मध्ये मुंबई-ब्रसेल्स मार्गावर जेटचे विमान तुर्कस्तानवर सुमारे पाच हजार फूट खाली आले, तेव्हा कॅप्टन झोपलेले होते आणि सहवैमानिक टॅबलेटवरचे काम पाहत होते. २०२३ मध्ये दुबईहून येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात कॅप्टनने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवले म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपनीला तीस लाखांचा दंड केला. या कारवाया योग्यच होत्या. १९७४ मध्ये शार्लट इथे ईस्टर्नचे विमान उतरताना पडून ७२ माणसे गेली, त्या वेळी कॉकपिटमध्ये राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत गप्पा चालल्या होत्या. असल्या घटनांतूनच १९८१ मध्ये अमेरिकेत दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलायचे नाही असा नियम झाला आणि तो जगभर पसरला. पण गप्पा आणि कॉफी ही विचलनाची दिसणारी बाजू आहे. ती छायाचित्रात सापडते, तिचा चटकन राग येतो. डेट्रॉइटच्या वैमानिकांचे लक्ष गेले ते कामाकडेच. नियंत्रकाचा संदेश, बदललेली धावपट्टी, दार बंद करायला आलेला कर्मचारी, सामानाच्या वजनाचा सुधारित कागद, निघायला झालेला उशीर, ही सगळी कामेच आहेत, आणि यादी तोडणारी बहुतेक विघ्ने यांच्याच रूपाने येतात. त्यांना मनाई करता येत नाही. खंड पडला तर यादी पहिल्या बाबीपासून पुन्हा वाचायची, एवढाच त्यावर उपाय आहे. आणि तो करायचा तर विमान दोन मिनिटे उशिरा निघाले तरी चालेल असे कंपनीने नुसते सांगून भागत नाही, तसे वागावे लागते.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त भावनेतून येतो. शेकडो जीव हातात असलेल्या, उत्तम पगार घेणाऱ्या, वर्षानुवर्षे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला एक स्विच पाहता येत नसेल तर त्याला शिक्षा नको का? ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. नियम माहीत असून मोडणाऱ्याला शिक्षा हवीच. मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवणारा आणि यादीच्या मध्यावर नियंत्रकाला उत्तर देणारा यांना एका तागडीत टाकणे हाच अन्याय आहे. दुसऱ्याला घरी पाठवले तर त्याच्या खुर्चीत येणारा तितकाच जाणता असतो, त्याच यादीला, त्याच खंडांना आणि त्याच वेळापत्रकाला सामोरा जातो. चूक खुर्चीत राहते, माणूस तेवढा बदलतो. शिवाय शिक्षेची भीती असली की लोक चुका सांगत नाहीत, आणि न सांगितलेली चूक दुसऱ्या कोणाला आवरता येत नाही. थकव्याचेच पाहा. डीजीसीएने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या उतरण्यांवर कडक मर्यादा घातली. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले, आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द होऊ लागली तेव्हा त्यातल्या काही अटींना तात्पुरती सूट द्यावी लागली. वैमानिकाची झोप हीसुद्धा एक बाब आहे. ती तपासण्याचे काम मालकाचे आणि नियामकाचे आहे, आणि गर्दीच्या दिवसांत आधी सैल झाली ती हीच.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. आता विमान स्वतःच ओरडते, मग कागदाच्या यादीचे एवढे काय? डेट्रॉइटच्या विमानातही इशारा देणारी यंत्रणा होती, पण तिला वीज मिळत नव्हती म्हणून ती गप्प राहिली. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिदला स्पॅनएअरच्या विमानात फ्लॅप न काढता उड्डाण झाले तेव्हाही इशारा वाजला नाही. १५४ माणसे गेली. हेलिओसच्या विमानात भोंगा वाजला, पण तोच भोंगा जमिनीवर उड्डाणाची मांडणी चुकल्याचा इशारा म्हणूनही वाजत असे, आणि वैमानिकांनी त्याचा तोच अर्थ घेतला. यंत्र मदत करते, ते आणखी सुधारलेही पाहिजे. पण धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर गाठींचा ट्रक आला आहे, हे १९९३ च्या ७३७ मधले कोणतेही यंत्र सांगू शकत नव्हते. ते सांगणारा माणूस जमिनीवर असायला हवा होता.

याच मुद्द्यावर सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. धावपट्टी संपण्याआधी विमान पुरेसे उंच जायलाच हवे होते; वैमानिकांनी वेळेवर नाक उचलले असते तर खालून ट्रक जावो की बैलगाडी, काय फरक पडला असता? मग रस्त्याला कारण का म्हणायचे? तर्क म्हणून हे बरोबर आहे. पण सुरक्षिततेची सगळी मांडणी ‘वेळेवर झाले नाही तर काय’ या प्रश्नासाठीच असते. वैमानिक कधीच उशीर करणार नाहीत असे गृहीत धरायचे असते तर धावपट्टीच्या पुढे एक फूटही मोकळा ठेवण्याची गरज नव्हती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या आजच्या मानकांनुसार धावपट्टीच्या पट्ट्यापुढे किमान ९० मीटर सुरक्षा क्षेत्र हवे, आणि शिफारस २४० मीटरची आहे. ही जागा चुकणाऱ्या माणसासाठीच राखून ठेवलेली असते. जिथे ती जागा देता येत नाही आणि रस्ता जवळून जातो, तिथे तो रस्ता ठरावीक मिनिटांसाठी रिकामा करावा लागतो. जिब्राल्टरमध्ये तर मुख्य रस्ता धावपट्टी ओलांडूनच जात असे. विमान येण्याआधी अडसर पडत, वाहने थांबत, मग विमान उतरे. २०२३ मध्ये धावपट्टीच्या टोकाशी बोगदा काढेपर्यंत वाहनांसाठी हीच व्यवस्था चालली. तिथे ‘रस्ता रिकामा’ ही बाब कोणाच्या तरी यादीत होती, तिला ठरलेली वेळ होती, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय विमानाला परवानगी नव्हती. चिकलठाण्यात बीड रस्ता सगळ्यांना दिसत होता. वैमानिकांना, मनोऱ्यातल्या नियंत्रकांना, पोलिसांना, बांधकाम खात्याला तो ठाऊक होता, आणि ट्रकचालकाच्या तर तो चाकाखाली होता. उड्डाणाच्या वेळी तो रिकामा ठेवणे हे काम चौकशीने प्राधिकरणाचे ठरवले, ते ५५ माणसे गेल्यानंतर.

ट्रकचालकाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण अशा कहाण्यांत तो केवळ अडथळा म्हणून उरतो. मराठवाड्यातली रुई गाठी होऊन रस्त्याने जाते. त्या दुपारी तो आपल्या वाटेने, आपल्या कामाला चालला होता. त्याला थांबवायची जबाबदारी असलेल्यांनी थांबवले नाही. विमानाला वाट देण्याचे ज्ञान त्याने आपल्या मनाने मिळवावे ही अपेक्षा धरता येत नाही, आणि अहवालाने ती धरलीही नाही. दोष संस्थेवर ठेवला, नाव घेऊन ठेवला. आपल्याकडच्या चौकशांत असे नेहमी होत नाही, म्हणून त्या दुसऱ्या वाक्याची मला कदर वाटते.

याद्यांचा अतिरेक होतो, हा आक्षेप डॉक्टरांकडून ऐकू येतो आणि तो बिनबुडाचा नाही. मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावच्या कुटुंबातले, अमेरिकेत वाढलेले शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांनी विमानातली ही रीत शस्त्रक्रियागृहात आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया यादीचा प्रयोग दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत झाला, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलेले दिसले. पण २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचा अभ्यास आला. तिथल्या शंभराहून अधिक रुग्णालयांत हीच यादी सक्तीची केल्यावर म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. यावरून याद्या निरुपयोगी आहेत असे अनुमान काढणे घाईचे होईल. डेल्टाच्या वैमानिकाचे ‘पंधरा, पंधरा, हिरवा दिवा’ आणि वरून आलेल्या हुकमासरशी भरलेली खूण यांत फरक नाही. जिथे परिचारिकेला ‘डॉक्टर, थांबा’ म्हणता येते आणि डॉक्टर थांबतात, तिथे यादी काम करते. म्हणून लांब याद्यांना माझाही विरोध आहे. जी बाब चुकल्यावर काम थांबवण्याची कोणाची तयारी नाही, ती यादीत ठेवू नये. जिच्यासाठी थांबायलाच हवे, तिला नेमका एक माणूस हवा आणि त्याच्या पाठीशी अधिकार हवा.

जबाबदारी वाटली की ती कोणाचीच राहत नाही, असेही म्हटले जाते. मोघम वाटली तर खरेच राहत नाही. मुंबई विमानतळाच्या परिसरातल्या उंची मर्यादा ओलांडणाऱ्या इमारतींचेच पाहा. विमानतळाने त्या दाखवून दिल्या, डीजीसीएने आदेश दिले, पाडायचे कोणी यावर वर्षे गेली, आणि शेवटी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ४८ इमारतींच्या वाढीव भागांबाबत जिल्हाधिकाऱ्यांना कारवाईचे निर्देश द्यावे लागले. उतरणाऱ्या वैमानिकाच्या यादीत त्या इमारती नाहीत. तो त्यांच्याबद्दल काही करूही शकत नाही. त्या ज्यांच्या यादीत असायला हव्या होत्या त्या कार्यालयांतून फाइल फिरत राहिली, आणि फाइल फिरत असताना प्रत्येकाला आपले काम झाल्यासारखे वाटत राहिले.

चिकलठाण्याची धावपट्टी आज ९,३०० फुटांची आहे. राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण १९९५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झाले, आणि शहराचे नावही आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. ती धावपट्टी आणखी लांबवण्यासाठी चिकलठाणा, मुर्तिजापूर आणि मुकुंदवाडी भागातली जमीन घेण्याचा विषय पुढे आहे. त्यावरची चर्चा मोबदला, उद्योग, पर्यटक आणि मोठी विमाने यांच्याभोवती फिरते, आणि जमीन जाणाऱ्यांच्या दृष्टीने मोबदल्याचा प्रश्न अगदी पहिला असणे स्वाभाविकच आहे. पण धावपट्टी सरकली की तिचे टोकही सरकते. त्या नव्या टोकापलीकडून कोणता रस्ता जाईल, त्यावर गाठींचा ट्रक किंवा उसाची ट्रॉली आली तर केवढी उंची होईल, विजेच्या तारा जमिनीखालून जातील की खांबांवरून, पाच वर्षांनी कडेला उभ्या राहणाऱ्या मजल्यांना परवानगी कोण नाकारेल, हे प्रश्न मोजणीच्या वेळीच विचारायचे आहेत. प्रत्येकापुढे प्राधिकरण, जिल्हाधिकारी, महापालिका, महावितरण किंवा वाहतूक पोलीस यांपैकी एकाच कार्यालयाचे आणि त्यातल्या एकाच पदाचे नाव लिहिले गेले पाहिजे, आणि तो तक्ता भूसंपादनाच्या अधिसूचनेबरोबर लोकांसमोर यायला हवा. १९९३ च्या अहवालातले दुसरे कारण सरकारदप्तरी आहे. शहराच्या लोकप्रतिनिधींनी ते मागवून घ्यावे आणि विस्ताराच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर ठेवावे.